सूक्ष्म कणांचा मापदंड

वाण्याचा तराजू खरा कीं खोटा, हें पारखावयाचें झाल्यास शिक्का मारलेलें वजन पारड्यांत टाकावें लागतें. परंतु जो कण डोळ्यांना दिसतच नाहीं, त्याच्या मापाचा खरेखोटेपणा कशानें ठरवावा? कण मापणारीं पुष्कळशीं यंत्रें कणाचा व्यास प्रत्यक्ष मापीत नाहींत. कणावरून विखुरलेल्या प्रकाशावरून तो अनुमानानें काढतात. अनुमान चुकलें तर औषधाच्या भुकटीपासून रंगापर्यंत सारींच मापें चुकतात; आणि चूक सर्वत्र सारखीच असल्यामुळें ती ध्यानांतही येत नाहीं. म्हणून ज्यांचा व्यास आधींच निश्चित झालेला आहे, असे कण हाताशीं असावे लागतात.

असे कण प्रथम मिळाले ते योगायोगानें. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील डाऊ कंपनीचें पॉलिस्टायरीन लॅटेक्स इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांना त्यांतील गोल जवळजवळ एकाच मापाचे आढळले. पुढें यंत्रें जुळविण्याच्या कामीं अशाच गोलांवर भिस्त राहिली. परंतु लॅटेक्स पडलें सेंद्रिय द्रव्य! इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखालीं त्याचें माप बदलतें, आणि कित्येक द्रावकांत तें विरघळूनही जातें.

अशा ठिकाणीं सिलिका उपयोगी पडली. सिलिका म्हणजे वाळूचा मुख्य घटक. येना येथील कोल्बे यांनीं १९५६ च्या आपल्या प्रबंधांत तिचे गोल कण तयार होतात असें नोंदविलें होतें. १९६८ सालीं श्टोबर, फिंक व बोन यांनीं त्या कृतीला शिस्त लावली. मद्यार्कांत पाणी व अमोनिया मिसळून त्यांत सिलिकॉनचें एक सेंद्रिय संयुग घालावयाचें. प्रमाण बदललें कीं कणाचा व्यास बदलतो. या रीतीनें ०.०५ पासून २ मायक्रॉनपर्यंतचे एकसारखे गोल मिळूं लागले. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

तथापि सिलिकाही निर्दोष नाहीं. अशा गोलांत सूक्ष्म छिद्रें असतात, व वाळतांना ते किंचित् आकसतात. शिवाय प्रत्येक यंत्र कणाची निराळीच बाजू पाहतें. बेल्जियममधील गील येथील युरोपीय संस्थेनें २०११ सालीं सुमारें २० नॅनोमीटरच्या सिलिका-कणांचा एक प्रमाण-नमुना प्रसिद्ध केला. एकाच कुपींतील त्या कणांना, द्रवांतील त्यांच्या हालचालीनें विखुरणाऱ्या प्रकाशावरून १९.० नॅनोमीटर व्यास मिळाला, तर क्ष-किरणांच्या रीतीनें २१.८. संस्थेनें कोणताही आंकडा खोटा ठरविला नाहीं. प्रत्येक आंकड्यापुढें त्याची रीत लिहिली.

तात्पर्य, सूक्ष्म जगांत नुसता आंकडा अपुरा असतो. तो कोणत्या रीतीनें मिळाला हें सांगितल्यावांचून मापाला अर्थ येत नाहीं.