घळीतील एकांत आणि निवेदनातील ‘मी’

प्रवासवर्णन शिकवताना आम्ही वर्गात एक प्रश्न हटकून विचारतो : निवेदनातला ‘मी’ एकटा असतो, की त्याला एकटे केलेले असते? अमेरिकेच्या नैर्ऋत्य वाळवंटातील ग्लेन कॅन्यनचा इतिहास या प्रश्नाच्या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे.

तेथे आज एका विशिष्ट प्रकारची सहल केली जाते. कोलोरॅडो नदीवरील लेक पॉवेल या जलाशयात एकट्याने कयाक लोटायची, वल्हवत एखाद्या अरुंद उपघळीत शिरायचे, तांबूस वालुकाश्माच्या कड्याखाली तंबू ठोकून रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी परतायचे. अशा सहलींच्या वर्णनांत निःशब्दता, तारे, आदिम भूमी आणि त्यांच्यासमोर उभा असलेला एकटा माणूस पुनःपुन्हा भेटतात. हा एकांत खोटा आहे, असे आमचे म्हणणे नाही. दूर कोठेतरी पडलेल्या पावसाचा लोंढा रात्री अचानक घळीत उतरला, तर हाकेला ओ देणारे जवळ कोणी नसते. परंतु हा एकांत केवळ निसर्गाने दिलेला नाही. तो लेखनाच्या एका परंपरेनेही घडवलेला आहे.

या परंपरेच्या आरंभी जॉन वेस्ली पॉवेल उभा आहे. अमेरिकन यादवी युद्धात शायलोच्या लढाईत (१८६२) उजवा हात गमावलेला हा भूवैज्ञानिक २४ मे १८६९ रोजी, स्वतः धरून दहा माणसे आणि चार नावा घेऊन निघाला. ग्रँड कॅन्यन पार करून ३० ऑगस्टला शेवट गाठला तो सहाजणांनी. एकजण वाटेत लवकरच बाहेर पडला होता. तिघे अखेरच्या टप्प्यात, केवळ दोन दिवस आधी, दल सोडून वर चढून गेले आणि मारले गेले. पॉवेलने १८७१-७२ मध्ये दुसरी मोहीम काढली. मात्र १८७५ साली प्रसिद्ध झालेले त्याचे प्रवासकथन १८६९ च्या रोजनिशीच्या रूपात, वर्तमानकाळात लिहिलेले आहे. दुसऱ्या मोहिमेतील काही प्रसंग त्यात पहिल्या मोहिमेचे म्हणून आले आहेत आणि त्या मोहिमेतील साथीदारांची नावे मात्र आलेली नाहीत. त्यांच्यापैकी फ्रेडरिक डेलनबॉ याने १९०८ मध्ये स्वतःचे पुस्तक लिहिले, तेव्हा कोठे ती माणसे वाचकांसमोर आली. वर्तमानकाळी निवेदन म्हणजे प्रत्यक्ष अनुभवाची हमी, असे समजणाऱ्या अभ्यासकांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

दुसरे उदाहरण एव्हरेट रूस या तरुणाचे. चित्रकार होऊ पाहणारा, एकटा भटकणारा हा मुलगा १९३४ च्या नोव्हेंबरमध्ये दोन गाढवांसह युटामधील एस्कलांटे गावाहून निघाला आणि वयाच्या विसाव्या वर्षी नाहीसा झाला. पुढे गाढवे डेव्हिस गल्च या घळीत सापडली. तेथेच एका प्राचीन प्वेब्लो घराच्या दाराशी ‘नेमो १९३४’ अशी अक्षरे कोरलेली आढळली. नेमो म्हणजे लॅटिनमध्ये ‘कोणीही नाही’. हा शब्द कोरला गेला तो दुसऱ्या कोणाच्या तरी उंबरठ्यावर, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. रूसचा एकांत आपल्यापर्यंत पोहोचला तो मुख्यतः आईवडिलांना, भावाला आणि मित्रांना लिहिलेल्या पत्रांतून. पत्र म्हटले की वाचणारा आलाच. एकांताची सर्वांत उत्कट वाक्येही कोणाला तरी उद्देशूनच लिहिलेली होती.

या आख्यायिकेला २००९ मध्ये विलक्षण वळण मिळाले. कड्याच्या कपारीत सापडलेल्या अस्थी रूसच्याच आहेत, असे डीएनए चाचणीच्या आधारे जाहीर झाले. त्याच वर्षी फेरतपासणीत तो निष्कर्ष चुकीचा ठरला. अस्थी बहुधा एका मूळ अमेरिकी माणसाच्या होत्या. एकाकी नायकाच्या शोधात काही महिने त्या अनाम माणसाचे मरणही नायकाच्या नावे जमा झाले होते. निवेदनात जे घडत आले, तेच येथे हाडांच्या बाबतीत घडले.

ज्या ‘आदिम’ भूमीवर आजचा प्रवासी तंबू ठोकतो, तिचाही इतिहास फार जुना नाही. ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे मार्च १९६३ मध्ये बंद झाले आणि १९८० मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण भरला. डेव्हिस गल्चचा खालचा भाग त्यात बुडाला. पुढे दीर्घ अवर्षण आणि पाण्याचा अतिवापर यांमुळे पातळी घसरत गेली. एप्रिल २०२३ मध्ये ती पूर्ण पातळीच्या सुमारे १८० फूट खाली होती. कड्यांवरचा पांढरा पट्टा म्हणजे उतरलेल्या पाण्याची खूण. कोरड्या प्रदेशाच्या सिंचनाला पुरेल इतके पाणी येथे नाही, असा इशारा १८९३ मध्ये खुद्द पॉवेलने दिला होता. जलाशयाला नाव मात्र त्याचेच मिळाले.

कयाकही एकट्याची नाही. तिचा आकार आणि नाव ही उत्तर ध्रुव प्रदेशातील इन्युइट लोकांची देणगी. या किनाऱ्यावर शौचालय नसलेल्या जागी मुक्काम केल्यास आपली विष्ठासुद्धा बंद डब्यातून परत न्यावी लागते. कारण त्याच जागी उद्या दुसरा कोणी येणार असतो. सहलीच्या वर्णनांतून हा डबा सहसा वगळला जातो.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो : एकांताचे वर्णन जरूर आस्वादा, पण त्यातून कोण कोण गळले आहे, याची यादी समासात करत चला. पॉवेलचे साथीदार, उंबरठ्यामागचे घर, कपारीतला अनाम मृत माणूस. ही यादी केल्याने घळीतील रात्र कमी सुंदर होत नाही. तिच्यात ‘कोणीही नाही’ असे लिहिण्यापूर्वी हात थोडा अडखळतो, इतकेच.