मतदारसंघ आणि राष्ट्र : लोकनायक अणे यांच्या राजकारणाचे वऱ्हाडी अधिष्ठान

यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या मार्गावर बाभुळगाव हे गाव आहे. आज ते तालुक्याचे ठाणे आहे. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी कापसाच्या मुलखातील अनेक गावांपैकी एक, एवढीच त्याची ओळख होती. या भागातला कापूस बंड्यांत भरून धामणगावच्या स्थानकावर जाई आणि तेथून मुंबईच्या पेठेत पोचे. या गावातील शेतकरी आपला सारा इंग्रज सरकारच्या तिजोरीत भरत असे, इंग्रजांच्या न्यायालयात दाद मागत असे. तथापि तो इंग्रजांचा प्रजाजन होता काय, असा प्रश्न कोणी केला असता, तर कायद्याच्या दृष्टीने त्याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागले असते. वऱ्हाडवर सार्वभौमत्व होते ते हैदराबादच्या निजामाचे.

ही स्थिती वऱ्हाडच्या राजकारणाचा अभ्यास करताना सामान्यतः तळटीपेत टाकली जाते. वस्तुतः तिला मध्यवर्ती स्थान दिले पाहिजे. यवतमाळचे लोकनायक माधव श्रीहरी उर्फ बापूजी अणे (१८८०-१९६८) यांच्या राष्ट्रीय भूमिकांवर विसंगतीचा जो आक्षेप घेतला जातो, त्याचा उलगडा दिल्लीकडून पाहून होत नाही. तो त्यांच्या मतदारसंघाकडून पाहिल्यास होतो.

प्रथम वऱ्हाडच्या घटनात्मक स्थानाचा विचार करू. १८५३ च्या तहाने निजामाच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांकडे लावून देण्यात आला. १९०२ च्या करारान्वये तो सालिना २५ लक्ष रुपये खंडाने कायमचा पट्ट्याने घेण्यात आला व पुढच्याच वर्षी मध्यप्रांताला जोडला गेला. १९०५ मध्ये जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा जुन्या वणी जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. राज्यकारभार इंग्रजांचा, सार्वभौमत्व निजामाचे आणि प्रांत मध्यप्रांताच्या जोडीचा, अशी ही तिहेरी रचना होती. ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे वऱ्हाडला आपोआप लागू होत नसत. परराष्ट्रीय अधिकारक्षेत्राच्या हुकुमाखाली ते स्वतंत्रपणे लागू करावे लागत. जमीनधाऱ्याची पद्धतीही वेगळी होती. मध्यप्रांतात मालगुजारी, तर वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवरील रयतवारी. त्यामुळे वऱ्हाडचा खातेदार आणि सरकार यांचा संबंध सरळ होता, आणि आपल्या साऱ्याचा पैसा मध्यप्रांताच्या कारभारावर खर्च होतो, ही त्याची तक्रारही तितकीच सरळ होती.

या रचनेचे सर्वांत चमत्कारिक रूप निवडणुकीत दिसून येई. १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर वऱ्हाडातील मतदार आपले प्रतिनिधी निवडू लागले. परंतु वऱ्हाड हा तांत्रिक दृष्ट्या ब्रिटिश प्रदेश नसल्यामुळे, निवडून आलेल्या गृहस्थाची पुन्हा सरकारकडून नेमणूक व्हावी लागे. प्रांतिक कौन्सिलात ही नेमणूक गव्हर्नर करी, मध्यवर्ती कायदेमंडळात गव्हर्नर जनरल. सारांश, मत दिले जाई, ते मोजले जाई, पण त्याला कायदेशीर अस्तित्व येई ते सरकारच्या सहीने. ज्या मतदारसंघाचा प्रतिनिधी लोकनियुक्त असूनही कागदोपत्री सरकारनियुक्त ठरतो, त्या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व अण्यांनी १९२४ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात केले.

अण्यांचा जन्म वणीचा. अमरावतीस काही काळ शिक्षकी करून ते १९०८ च्या सुमारास यवतमाळ येथे वकिली करू लागले. टिळकांचे ते निष्ठावंत अनुयायी. यवतमाळहून त्यांनी ‘लोकमत’ हे साप्ताहिक सुरू केले, त्याचे नाव टिळकांनी सुचविलेले होते. हे नाव केवळ सोयीचे नव्हते. ज्या प्रदेशात लोकांच्या मताला स्वतःचा कायदेशीर आधारच नव्हता, तेथे लोकमत ही संस्था प्रथम उभी करावी लागत होती.

येथून प्रतियोगी सहकारितेकडे जाणारा मार्ग स्पष्ट दिसतो. टिळकांनी मांडलेल्या या धोरणाचा आशय असा की, सरकार जेवढे देईल तेवढे घ्यावे, उरलेल्यासाठी झगडावे आणि सहकार्याचे माप सरकारच्या वागणुकीवरून ठरवावे. फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोला येथे प्रतिसहकार पक्षाची स्थापना झाली. जयकर, केळकर व मुंजे यांच्यासमवेत अणे त्यात अग्रभागी होते. स्वराज्य पक्षाच्या दृष्टीने हे पाऊल म्हणजे शिस्तभंग होता. परंतु त्याच सुमारास दुसरी एक घटना घडत होती. निजामाने १९२३ पासून वऱ्हाड परत मागण्याची खटपट आरंभिली होती, आणि २७ मार्च १९२६ रोजी लॉर्ड रीडिंग यांनी त्यास नकार देणारे प्रसिद्ध पत्र धाडले. संस्थानांवरील ब्रिटिश अधिसत्तेच्या सिद्धान्ताचा एक प्रमुख दस्तऐवज म्हणून ते पत्र अभ्यासक वाचतात. वऱ्हाडातील माणसासाठी मात्र तो सिद्धान्ताचा वाद नव्हता. आपले गाव उद्या कोणाच्या राज्यात असेल, हा तो प्रश्न होता, आणि तो ठरविताना त्यास कोणी विचारले नव्हते. अशा प्रदेशाच्या प्रतिनिधीला कायदेमंडळाची जागा रिकामी ठेवणे परवडणारे नव्हते, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती होणार नाही. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु एकाच वातावरणात त्या घडल्या, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

१९२८ च्या नेहरू समितीवर अणे होते. १९३० मध्ये ते कायदेभंगात उतरले आणि येथे त्यांच्या राजकारणाचे वऱ्हाडी स्वरूप अधिकच उघड झाले. समुद्रापासून दूर असलेल्या या प्रदेशात मिठाचा कायदा मोडण्यास वाव थोडा होता. यवतमाळ जिल्ह्यातील खेडुताला सरकारची जाच रोज जाणवे ती राखीव जंगलाच्या सीमेवर. चराईसाठी, गवतासाठी, जळणासाठी. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे अण्यांच्या नेतृत्वाखाली राखीव जंगलातील गवत विनापरवाना कापून जंगल सत्याग्रहाचा आरंभ झाला व त्यांना अटक होऊन शिक्षा झाली. गांधीजींच्या आंदोलनाची ही वऱ्हाडी आवृत्ती होती. राष्ट्रीय प्रश्नाचे भाषांतर करावे लागले नाही. गवताच्या पेंढीत तो सामावला.

१९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष म्हणून पुणे येथील अनौपचारिक परिषदेचे अध्यक्षस्थान अण्यांकडे आले. सामुदायिक कायदेभंग थांबवून वैयक्तिक कायदेभंगास मुभा देण्याचा निर्णय त्यांच्या नावाने जाहीर झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यवतमाळहून अकोल्याकडे सत्याग्रहासाठी निघाले असता ते पकडले गेले. पुढल्या वर्षी जातीय निवाड्यासंबंधी काँग्रेसने स्वीकारही नाही व धिक्कारही नाही, अशी तटस्थ भूमिका घेतली, तेव्हा पंडित मालवीय यांच्यासह त्यांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपवासाच्या वेळी सरकारने त्यांची सुटका नाकारताच मोदी व सरकार या सहकाऱ्यांसह त्यांनी राजीनामा दिला. तुरुंग, कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि राजीनामा, असा हा प्रवास वरकरणी अस्थिर वाटतो. प्रतियोगी सहकारितेचे माप लावले म्हणजे त्याची संगती लागते. सरकारात शिरणे आणि सरकार सोडणे, ही एकाच धोरणाची दोन टोके होती.

तथापि येथे थांबल्यास विवेचन एकांगी होईल. अण्यांच्या मागे उभा असलेला मतदारसंघ कोणता होता? १९१९ च्या कायद्याने मताचा अधिकार मालमत्ता, सारा व कर यांच्या आधारे दिला होता. बाभुळगावासारख्या गावात मत होते ते मोठ्या खातेदारास, सावकारास, व्यापाऱ्यास. सालदार, भूमिहीन मजूर, गोंड व कोलाम, तसेच अस्पृश्य गणलेला समाज, यांचा बहुतांश भाग मतपत्रिकेपासून दूर होता. नेहरू अहवालाने संयुक्त मतदारसंघांचा पुरस्कार केला, परंतु दलित वर्गासाठी राखीव जागा ठेवल्या नाहीत. जातीय निवाड्यास अण्यांचा विरोध राष्ट्रैक्याच्या भूमिकेतून होता, हे खरे. पण ज्यांना प्रतिनिधी कधी मिळालाच नव्हता, त्यांना संयुक्त मतदारसंघाचे आश्वासन अपुरे वाटणे हेही तितकेच स्वाभाविक होते. वऱ्हाडला प्रतिनिधित्वाचे सत्त्व मिळावे म्हणून झगडणाऱ्या नेत्याची दृष्टी वऱ्हाडातील सर्व माणसांच्या प्रतिनिधित्वापर्यंत पोचली नाही, ही मर्यादा नमूद करणे भाग आहे. मताचा अधिकार नसलेला माणूस त्यांच्या राजकारणात प्रत्यक्ष आला तो जंगल सत्याग्रहात. म्हणूनच त्या सत्याग्रहाचे महत्त्व त्याच्या कालावधीहून मोठे आहे.

२४ ऑक्टोबर १९३६ च्या करारात निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले, त्याच्या वारसास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला आणि राज्यकारभार मात्र मध्यप्रांत-वऱ्हाड या एकाच प्रांताचा राहिला. हा गुंता सुटला तो स्वातंत्र्यानंतर. पण वऱ्हाडचा प्रश्न संपला नाही. तो भाषावार प्रांतरचनेच्या रूपाने पुढे आला. १९४८ ते १९५२ या काळात बिहारचे राज्यपालपद भूषवून परतलेले अणे स्वतंत्र विदर्भाच्या बाजूने उभे राहिले व ऐंशीच्या घरात असताना नागपूरहून लोकसभेत गेले. जो मनुष्य १९२४ मध्ये वऱ्हाडचा म्हणून दिल्लीस गेला, तो १९६२ मध्येही विदर्भाचा म्हणूनच तेथे होता. या सातत्याकडे विसंगतीचा आरोप करणाऱ्यांचे लक्ष गेलेले नाही.

त्या परंपरेचा एक धागा बाभुळगावाशी येऊन मिळतो. १९२३ मध्ये याच गावी जन्मलेले जवाहरलाल दर्डा बेचाळीसच्या आंदोलनात तुरुंगात गेले. पुढे त्यांनी यवतमाळात ‘लोकमत’ हे जुने नाव साप्ताहिकाच्या रूपाने पुन्हा उभे केले, १९७१ मध्ये नागपुरात त्याचे दैनिक केले आणि राज्याच्या मंत्रिमंडळातही काम केले. वृत्तपत्र आणि मतदारसंघ ही जोडी यवतमाळच्या राजकारणात अण्यांपासून अशी चालत आली आहे.

आज बाभुळगाव राळेगाव विधानसभा मतदारसंघात मोडते आणि ती जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. गवत कापल्याबद्दल ज्यांच्यावर खटले भरले जात, ज्यांच्या नावावर मत नव्हते, त्यांच्यातील प्रतिनिधी आता तेथून निवडून जातो, आणि त्याच्या निवडीवर कोणाच्या नेमणुकीची सही लागत नाही. अण्यांनी आयुष्यभर मागितलेल्या प्रतिनिधित्वाचा अर्धा भाग या दुसऱ्या गोष्टीत आहे. पहिली गोष्ट मात्र त्यांच्या मागणीच्या पलीकडची आहे. अण्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना या दोहोंमधील अंतर इतिहासाने मोजावयास हवे.