वरोरा ते घुग्घुस : पोकळ जमिनीचा इतिहास

नाशिकजवळच्या एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७० साली सुरू झाला. तिथली धुराडी पाहताना आपल्याला वीज आठवते, फार तर राख आठवते. पण ज्या गावांच्या पोटातून कोळसा निघतो ती गावे आठवत नाहीत. महाराष्ट्राच्या वीजनिर्मितीला दीर्घकाळ कोळसा पुरवत आलेल्या वर्धा नदीच्या खोऱ्यातील वरोरा आणि घुग्घुस या दोन गावांचा इतिहास म्हणूनच आपलाही आहे.

खाणीच्या गावांविषयी बोलताना रशियातील व्होर्कुटाचा दाखला हटकून दिला जातो. उत्तर ध्रुववृत्तापलीकडचे हे शहर १९३० च्या दशकात कैद्यांच्या श्रमांवर केवळ कोळशासाठी उभे राहिले आणि सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर खाणी बंद होत गेल्या तशा त्याच्या वस्त्याही ओस पडत गेल्या. कोळशासाठी वसलेले शहर कोळशाबरोबर ओसरले, यात एक क्रूर तर्कसंगती तरी आहे. आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. आपली गावे खाणीआधीची. खाण आली, खाण गेली. माणसे मात्र तिथेच राहिली.

वरोऱ्याची खाण हे याचे जुने उदाहरण. १८७० च्या दशकात सरकारने येथे कोळसा काढण्यास प्रारंभ केला आणि त्यासाठी वर्ध्याहून लोहमार्ग आणला. सुमारे पस्तीस वर्षांनी, १९०६ मध्ये, ही खाण बंद झाली. तोवर उत्खननाचे केंद्र दक्षिणेला बल्लारपूरकडे सरकू लागले होते. १९२९ मध्ये काझीपेठ–बल्लारशा मार्ग पुरा झाल्यावर वर्ध्यापासूनचा हा लोहमार्ग दिल्ली–मद्रास या हमरस्त्याचा भाग झाला. कोळशासाठी आलेली रेल्वे टिकली. जिच्यासाठी ती आली ती खाण विस्मरणात गेली. आज वरोरा म्हटले की मराठी वाचकाला आठवते ते बाबा आमटे यांचे आनंदवन. समाजाने टाकून दिलेल्या माणसांनी खडकाळ जमीन तिथे पिकती केली. त्याच परिसरात आधीच्या शतकात जमीन पोखरून सोडून दिली गेली होती, ही नोंद सहसा कोणी शेजारी ठेवत नाही.

१९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. खाजगी मालकांच्या मर्जीवर जगणाऱ्या कामगाराला वेतनश्रेणी, वसाहत, दवाखाना मिळाला. हे श्रेय नाकारता येणार नाही. पुढे मात्र भूमिगत खाणींऐवजी उघड्या खाणींवर भर वाढला. तिथे माणसांचे काम यंत्रे करतात. शेते गेली, मातीचे डोंगर उभे राहिले, आणि उत्पादन वाढले म्हणून रोजगार त्या प्रमाणात वाढला नाही.

भूमिगत खाणीची रीत अशी, की छत पेलण्यासाठी कोळशाचेच खांब राखायचे आणि मधला कोळसा काढायचा. पोकळीत वाळू भरली नाही, वा खांब झिजले, तर वरची जमीन केव्हाही खचू शकते. २६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. घरातली माणसे वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. त्या वस्तीखाली ब्रिटिशकालीन खाण होती. आजूबाजूच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली.

खाण बंद होते तेव्हा कागदावर तिचा हिशेब मिटतो. जमिनीच्या हिशेबाला मुदत नसते. तो शंभर वर्षांनी, खाणीत कधी पाऊलही न टाकलेल्या माणसाच्या अंगणात उघडतो. गिरणगावाने आपल्या साहित्याला कवी दिले, कथा दिल्या. खाणगावाच्या वाट्याला त्या मानाने फार थोडी अक्षरे आली. जुन्या खाणींचे नकाशे तरी गावकऱ्यांच्या हाती पडावेत, आपल्या घराखाली काय आहे हे त्यांना कळावे, एवढे देणे दिव्याखाली बसून वाचणारे आपण सगळेच लागतो.