बंधुता आणि बंद दार

अनुवादाच्या कामात काही शब्द फार सोपे वाटतात आणि म्हणूनच फसवतात. 'फ्रॅटर्निटी' हा त्यांतला एक. मराठीत त्याला प्रतिशब्द शोधावा लागत नाही. राज्यघटनेच्या उद्देशिकेत स्वातंत्र्य आणि समता यांच्या शेजारी 'बंधुता' आहेच. पण अमेरिकी विद्यापीठांत फ्रॅटर्निटी म्हणजे ग्रीक अक्षरांचे नाव लावणारी, निवडक तरुणांची बंधुसभा. तिथे प्रवेश मागावा लागतो, काही आठवडे उमेदवारी करावी लागते, गुप्त विधींतून जावे लागते आणि मग कुठे 'भाऊ' होता येते. घटनेतली बंधुता सगळ्यांसाठी आहे. ही बंधुता सगळ्यांना मिळत नाही, यातच तिचा मान आहे. त्यामुळे आशियाई-अमेरिकी विद्यार्थ्यांविषयीच्या एका लेखाचा अनुवाद करताना मी 'फ्रॅटर्निटी' हा शब्द तसाच ठेवला. त्या निमित्ताने या संस्थांचा जो इतिहास वाचनात आला, तो मात्र आपल्याला वाटतो तितका परका नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या अनेक मोठ्या फ्रॅटर्निटींच्या नियमांतच लिहिलेले असे, की सभासद गोरा असावा. काहींच्या नियमांत तो ख्रिस्तीही असावा लागे. जिथे असे लिहिलेले नसे, तिथे तो रिवाज असे. १९०६ साली श्रीधर व्यंकटेश केतकर न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकायला गेले. ज्ञानकोशकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्याआधी, १९०९मध्ये, भारतातल्या जातिसंस्थेच्या इतिहासावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ कॉर्नेलच्या गावातून, इथाकामधून, प्रसिद्ध झाला होता. ते तिथे पोहोचले त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याच विद्यापीठातल्या सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' ही स्वतःची फ्रॅटर्निटी काढली. पुढे दहा वर्षांनी, १९१६मध्ये, कॉर्नेलच्याच चिनी विद्यार्थ्यांनी 'रो साय' स्थापन केली. १९२०च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जपानी वंशाच्या मुलींनी 'काय अल्फा डेल्टा' ही भगिनीसभा सुरू केली. गोऱ्या मुलींच्या सभांची घरे एका रस्त्यावर ओळीने होती. त्या ओळीत यांना घर मिळू शकले नाही, कारण गोरेतरांना जागा देऊ नये अशा अटी तिथल्या मालमत्तांच्या करारांतच होत्या. १९४२मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना सरकारने छावण्यांत नेऊन ठेवले, तेव्हा ही सभाही बंद पडली. युद्धानंतर मुलींनी ती पुन्हा सुरू केली.

रो साय स्थापन झाली त्याच वर्षी, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. त्यात त्यांनी प्रश्न विचारला होता, की एका वर्गाने स्वतःला कोंडून घेतले, तर बाकीच्यांच्या जाती कशा झाल्या? त्यांचे उत्तर दुहेरी आहे. काहींनी वरच्यांचे अनुकरण करून आपली दारे लावली. काहींना बाहेर ठेवले गेले, म्हणून ते आपोआप वेगळे झाले. निबंधाचा विषय अमेरिका नव्हता. पण आज तो वाचताना त्या काळच्या अमेरिकी विद्यापीठांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. आधी दार लागले आणि बाहेर राहिलेल्यांनी आपले घर बांधले, हे बहिष्करण. पण ते घर बांधताना ग्रीक अक्षरे, शपथा, उमेदवारी, गुप्तता असा सगळा नकाशा आतल्यांचाच घेतला, हे अनुकरण.

बाहेरच्यांनी दार उघडून घेण्याचा प्रयत्न कसा केला, याचे एक उदाहरण भारतीयांचेच आहे. १९२३मध्ये भगतसिंग थिंद यांचा नागरिकत्वाचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. त्या काळी स्थलांतरितांपैकी 'गोऱ्यां'ना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच नागरिकत्व घेता येई. थिंद यांच्या बाजूने मांडले गेले, की ते उच्च जातीचे आर्य आहेत, म्हणून गोरे आहेत. एका देशातले बंद दार उघडण्यासाठी दुसऱ्या देशातल्या बंद दाराचा दाखला दिला गेला, आणि तो चालला नाही.

चिनी, जपानी, फिलिपिनो, भारतीय हे सगळे आपण एक आहोत असे समजत नव्हते. १९६८मध्ये बर्कलीत यूजी इचिओका आणि एमा गी यांनी विद्यार्थ्यांची एक संघटना काढली आणि तिच्या नावात 'एशियन अमेरिकन' हा शब्द घातला. तोवर गोरे लोक या सगळ्यांना मिळून 'ओरिएंटल' म्हणत. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात कृष्णवर्णीय, मेक्सिकन आणि आशियाई विद्यार्थ्यांनी संप पुकारला. तो मार्च १९६९पर्यंत चालला. संपाची एक प्रमुख मागणी अभ्यासक्रमाची होती: आमचा इतिहास शिकवा. संपातून वांशिक अभ्यासाचे स्वतंत्र विद्यालय उभे राहिले. म्हणजे 'आशियाई-अमेरिकी' ही ओळख जन्मली तीच वर्गात जागा मागत.

ती मागणी काही थोड्या विद्यापीठांत पुरी झाली. बहुतेक शाळांत नाही. १९६५च्या कायद्याने आशियातून येणाऱ्यांची संख्या वाढली. त्यांची मुले अमेरिकी शाळांत शिकली, पण १८८२चा चिनी मजुरांवरचा बंदी कायदा किंवा युद्धकाळातल्या छावण्या त्यांच्या पुस्तकांत आल्या तर एखाद्या परिच्छेदापुरत्या. व्हिन्सेंट चिनचे नाव तर अनेकांनी ऐकलेलेही नव्हते. हा चिनी वंशाचा तरुण जून १९८२मध्ये डेट्रॉइटला मारला गेला. जपानी मोटारींमुळे नोकऱ्या गेल्याचा राग शहरात धुमसत होता. त्यातच मोटारधंद्यातल्या दोन गोऱ्या माणसांशी त्याचे भांडण झाले आणि बेसबॉलच्या बॅटने त्याच्यावर घाव घातले गेले. लग्न काही दिवसांवर आले होते. दोघांना तीन वर्षांची परिवीक्षा आणि प्रत्येकी ३,००० डॉलर दंड झाला. तुरुंगवास नाही.

१९९४मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्याच बिंगहॅम्टन विद्यापीठात 'पाय डेल्टा साय' स्थापन झाली. ती स्वतःला आशियाई-अमेरिकी सांस्कृतिक फ्रॅटर्निटी म्हणवते. त्याच वर्षी त्याच विद्यापीठात दक्षिण आशियाई मुलांची 'आयोटा नू डेल्टा'ही निघाली. नव्या उमेदवारांना आशियाई-अमेरिकी इतिहास शिकवणे हा पाय डेल्टा सायच्या प्रवेशप्रक्रियेचा भाग होता. पुढे न्यूयॉर्क शहरातल्या बरूक कॉलेजात तिची शाखा निघाली. हे सार्वजनिक कॉलेज मॅनहॅटनमध्ये आहे. बहुतेक विद्यार्थी घरून भुयारी रेल्वेने येतात, तास झाले की परततात. अशा ठिकाणी ओळखीचे चेहरे, आपल्या आईवडिलांच्या कष्टांची गोष्ट न सांगताही समजणारे मित्र आणि शाळेने न सांगितलेला इतिहास हे सगळे एकाच दारामागे मिळत असेल, तर मुले ते दार ठोठावणारच. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. मला ते जमत नाही.

डिसेंबर २०१३मध्ये या शाखेचे सभासद उमेदवारांना घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनो डोंगरांत भाड्याच्या घरात गेले. तिथल्या विधीचे नाव होते 'ग्लास सीलिंग', काचेचे छत. गोऱ्यांच्या समाजात आशियाई माणसाला वर जाताना जे अदृश्य छत आडवे येते, त्याचे हे नाट्यरूप. उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी, पाठीवर १३-१४ किलो वाळूची पिशवी. त्याने अंधारात थंड अंगणातून चालत जायचे आणि भावांनी त्याला ढकलायचे, धावत येऊन पाडायचे. चिनी कुटुंबातला एकोणीस वर्षांचा एक मुलगा असा पडला आणि बेशुद्ध झाला. रुग्णवाहिका बोलावली गेली नाही. इंटरनेटवर लक्षणे शोधण्यात आणि संघटनेच्या खुणा लपवण्यात वेळ गेला. मग त्याला मोटारीने रुग्णालयात नेले. तो वाचला नाही. ३७ जणांवर गुन्हे दाखल झाले. मुख्य चार आरोपींनी मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. जानेवारी २०१८मध्ये न्यायालयाने संघटनेलाही शिक्षा सुनावली: १ लाख डॉलरहून अधिक दंड आणि पेनसिल्व्हेनियात दहा वर्षांची बंदी.

आपण याला रॅगिंग म्हणू. पण एक फरक आहे. रॅगिंगमध्ये जुन्यांचा नव्यांवर जोर चालतो आणि त्यामागे काही अर्थ आहे असा दावा सहसा कोणी करत नाही. इथे अर्थ होता, आणि तो खोटाही नव्हता. काचेचे छत खरे आहे, व्हिन्सेंट चिन खरा आहे, छावण्या खऱ्या आहेत. मला अस्वस्थ करते ते हे, की या खऱ्या इतिहासाचे रूपांतर सोसण्याच्या परीक्षेत झाले. इतिहास समजून घ्यायचा नव्हता, अंगावर घ्यायचा होता. आणि त्या नाट्यात गोऱ्या समाजाची, म्हणजे मारणाऱ्याची, भूमिका कोणी करायची? तीही भावांनीच.

चिनच्या प्रकरणाचा उत्तरार्ध या विधीत मावत नाही. निकालानंतर डेट्रॉइटमध्ये चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो लोक प्रथमच एकत्र बसले. वकील, पत्रकार आणि कामगार यांनी मिळून संघटना काढली. चिनची आई लिली चिन गावोगावच्या सभांमध्ये उभी राहून बोलली. हे सगळे दिवसाउजेडी, खुल्या दारांच्या सभागृहांत झाले. त्यात सामील होण्यासाठी कोणाला पाठीवर वाळू घ्यावी लागली नाही. हा भाग कळायला मात्र शिक्षक लागतो, पुस्तक लागते, प्रश्न विचारायला मोकळीक लागते. म्हणजे वर्ग लागतो.

जुलै २०२१मध्ये इलिनॉय राज्याने सार्वजनिक शाळांत आशियाई-अमेरिकी इतिहास शिकवणे सक्तीचे करणारा कायदा केला. असा कायदा करणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य. जानेवारी २०२२मध्ये न्यू जर्सीनेही तसाच कायदा केला. १९६८च्या संपातली मुले तोवर सत्तरीत पोहोचली होती. आता तिथल्या सातवी-आठवीतल्या मुलाला व्हिन्सेंट चिनचे नाव फळ्यावर लिहिलेले पाहायला मिळू शकेल, शेजारी कोणत्याही वंशाचे मूल बसलेले असेल, आणि तास संपला की दोघेही दप्तर उचलून घरी जातील.