पालथ्या बाळाचा फोटो

1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि पिंपरीची कारखानदारी वाढू लागली. गावाकडून आलेल्या कामगारांच्या घरांत मुलांचे फोटो काढण्याची हौसही रुजली, पण ती खर्चिक होती. बाळ पालथं पडू लागलं की त्याला स्टुडिओत नेत. अंगावर कपडा नाही, कमरेला काळा करदोटा, पायांत वाळे, गालावर तीट. प्रती दोन-तीनच निघत. एक भिंतीवर, एक टपालाने गावच्या आजीला.

त्या नागड्या फोटोत कुणाला काही वावगं वाटत नसे, कारण पाहणारे घरचेच असत. दृष्टीची भीती मात्र होती, म्हणून तर तीट. मोबाइल आला आणि बोरन्हाणातला हलव्याचे दागिने घातलेला मुलगा क्षणात शेकडो अनोळखी लोकांसमोर जाऊ लागला. आंघोळीचे, रडण्याचे, शिक्षेचे व्हिडिओही त्याच वाटेने गेले. तीट तशीच राहिली, पाहणारे बदलले.

कायदा सावकाश आला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने कलम 67 ब आलं आणि मुलांचं अश्लील चित्रण गुन्हा ठरलं. 2012 मध्ये मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आला. साध्या, पण मुलाला पुढे लाजवणाऱ्या फोटोला ही कलमं सहसा लागत नाहीत. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाच्या वतीने संमती देतात ते पालकच, म्हणजे फोटो टाकणारेच. फ्रान्सने फेब्रुवारी 2024 मध्ये मुलाच्या प्रतिमेचा हक्क जपण्याची जबाबदारी कायद्याने आईवडिलांवर टाकली. भारतात तसा स्वतंत्र कायदा नाही.