पाण्यासाठी राखलेलं रान

धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक. मुंबईच्या नकाशावर ही नावं उरली, पाणी मात्र गेलं. ते का गेलं याचं उत्तर शहरात सापडत नाही, त्यासाठी साष्टीच्या डोंगरात जावं लागतं. म्हणून आज आपण विहार आणि तुळशी या दोन तलावांकडे वळू, आणि खरं तर तलावांपेक्षा त्यांच्या काठच्या रानाकडे.

१८५४च्या उन्हाळ्यात मुंबईत पाण्याचे फार हाल झाले. शहर वाढत होतं आणि विहिरी-तलाव पुरत नव्हते. हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याची योजना सरकारने उचलली, १८५६मध्ये मिठी नदीच्या वरच्या खोऱ्यात काम सुरू झालं आणि १८६०मध्ये विहारचं पाणी नळाने शहरात आलं. तेही पुरेना, तेव्हा १८७९मध्ये आणखी वर, डोंगराच्या कुशीत, तुळशी झाला. तुळशी भरून वाहू लागला की पाणी विहारमध्ये येतं.

आता गंमत बघा. पाणी गाळायची आजच्यासारखी सोय तेव्हा नव्हती. उतारावर जे पडेल, सडेल, धुपेल ते थेट तलावात येणार आणि तिथून लोकांच्या घागरीत. त्यामुळे पाणलोट क्षेत्र मोकळं ठेवणं भाग होतं. नांगर नको, गुरं नकोत, वस्ती नको. वाघ-बिबट्या कुणाच्या मनातही नव्हता. रान राखलं गेलं ते निव्वळ पाण्यासाठी.

याची किंमत कोणी दिली, हे मात्र आपल्या इतिहासात फारसं येत नाही. ठाणे जिल्ह्यातला शेतकरी भाताची रोपं काढायच्या आधी राब भाजायचा. झाडांच्या फांद्या तोडून, वाळवून, जमिनीवर पसरून जाळायच्या, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. १८७८च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलात ती गुन्ह्याच्या जवळ जाऊन बसली. तक्रारी इतक्या झाल्या की ठाणे-कुलाब्यासाठी मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल १८८७चा. वारली, कोळी, कुणबी यांच्या दृष्टीने रान ‘वाचलं’ नव्हतं, ते हातातून गेलं होतं. आम्हाला वाटतं, या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगायला हव्यात. एक सांगून दुसरी गाळली की इतिहास खोटा पडतो.

पुढचा प्रवास थोडक्यात. स्वातंत्र्याआधी कान्हेरीच्या आसपास कृष्णगिरी उद्यान म्हणून छोटा भाग होता. १९६९मध्ये भोवतालची राखीव जंगलं जोडून तो वाढला, बोरिवली उद्यान झाला आणि मग संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र सुमारे १०३ चौरस किलोमीटर. १९९७मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने अतिक्रमणं हटवायला सुरुवात झाली, हजारो झोपड्या गेल्या. त्या लोकांचं पुढे काय झालं हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

पण या साऱ्याच्या मधोमध तलावांचे काठ तसेच बंद राहिले. तिथे ऐन, कळंब, काटेसावर उभे आहेत, उतारांवर आठ वर्षांनी फुलणारी कारवी आहे, पाण्यात मगरी आहेत. २०१५च्या कॅमेरा ट्रॅपच्या गणनेत या जंगलात आणि लगतच्या भागात ३५ बिबटे मोजले गेले. दीड कोटीच्या महानगराला खेटून!

बंद दार नसतं तर काय झालं असतं? पवई बघा. याच माळेतला तिसरा तलाव, १८९०च्या सुमाराचा. त्याचं पाणी पिण्यालायक ठरलं नाही, मग काठ राखायचं कारणही संपलं. इमारती आल्या, सांडपाणी आलं, जलपर्णी पसरली. अलीकडे महापालिकेने काठाने सायकल मार्ग बांधायला घेतला, लोकांना तलावाजवळ जाता यावं म्हणून. मे २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला आणि केलेलं बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. हेतू वाईट होता असं आम्ही म्हणत नाही. पण तलावाजवळ जायचं म्हणजे तलावातच भराव टाकायचा, हे कसं चालेल?

तरी ‘सगळं बंदच ठेवा’ हेही आम्हाला पटत नाही. वर्षाला लाखो माणसं बोरिवलीच्या दारातून आत येतात. कान्हेरीची लेणी आहेत, शिलोंड्याची पायवाट आहे. तिथे वाटा नीट करा, माहिती सांगणारी माणसं द्या, बसायला सावली द्या, म्हाताऱ्यांना आणि चाकाच्या खुर्चीवरच्यांना जमेल असा एखादा रस्ता द्या. तुळशीचा काठ मात्र सोडा. आणि वाट दाखवायला पाड्यांवरची पोरं घ्या. कुठलं झाड कधी फुलतं, बिबट्या कुठून जातो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? मुंबईचं पाणी ज्या रानाने राखलं, त्याच रानातल्या कित्येक पाड्यांवर नळ मात्र वर्षानुवर्षं पोचला नाही. प्रवेशाची चर्चा करताना तिकीट-खिडकीबरोबर हा हिशेबही टेबलावर ठेवावा लागेल.

इथे थांबू. पुढच्या भागात तानसा.