अनुशेष (प्रादेशिक विकासाचा)
राज्याच्या सरासरीपेक्षा एखादा जिल्हा रस्ते, सिंचन, शाळा, आरोग्य अशा सोयींत जितका मागे, तितका त्याचा अनुशेष. ही संकल्पना महाराष्ट्रात अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने रुजवली. १९८३ साली नेमलेल्या या समितीने १९८४ च्या अहवालात अनुशेषाचा आकडा मांडला : सुमारे ३,१८६ कोटी रुपये. त्यात सर्वांत मोठा वाटा सिंचनाचा होता.

आकडा मिळाला आणि भांडण सुरू झाले. सरासरी स्थिर नसते. पुढारलेले जिल्हे धावत राहिले की ती वर सरकते आणि मागासांचे अंतर पुन्हा वाढते. शिवाय जिल्हा हे एकक मानले, की त्यातला कोरडा तालुका शेजारच्या ओलिताखाली झाकला जातो. विजय केळकर समितीने (अहवाल २०१३) म्हणूनच तालुका पातळीवर मोजमापाचा आग्रह धरला.

खर्च म्हणजे विकास नव्हे, हे गोसीखुर्दवरून दिसते. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरच्या या प्रकल्पाला १९८३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा. पुढे तो १८,००० कोटींवर गेला. कागदावर निधी दिला गेला, पण शेताच्या बांधाला पाणी लागले का, हे वेगळेच मोजावे लागते. ते मोजायला मात्र कुणाला फारशी घाई नसते.

घटनेच्या कलम ३७१(२) नुसार विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्रासाठी १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे आली. मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली.